न थांबणारा निरोप : आतड्यांचा दाह आणि सायटोकाइन

पोटाच्या तक्रारी घरोघरी असतात आणि बहुतेक वेळा त्या दोन-चार दिवसांत बऱ्याही होतात. त्यामुळेच कित्येक आठवडे टिकणारे जुलाब, शौचावाटे पडणारे रक्त व आव, अधूनमधून येणारा बारीक ताप आणि घटत जाणारे वजन ही लक्षणेही पुष्कळ कुटुंबांत ‘उष्णता झाली’, ‘बाहेरचे खाणे बाधले’ किंवा ‘मूळव्याध असेल’ एवढ्यावर सोडून दिली जातात. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाला अशी तक्रार सांगण्याचा संकोच वाटतो. विवाहयोग्य मुला-मुलींच्या बाबतीत तर ती घराबाहेर जाऊच दिली जात नाही. पुढे कोणी तरी ‘प्रतिकारशक्ती कमी झाली आहे’ असे सांगतो आणि ती वाढवणारी चूर्णे व काढे सुरू होतात. या लक्षणांमागे आतड्यांचा दीर्घकालीन दाह असेल, तर हे निदान नेमके उलटे ठरते. त्या रोगात प्रतिकारशक्ती कामाला लागलेली असते. तिला थांबण्याचा निरोप तेवढा मिळालेला नसतो.

रोगाची ओळख

या रोगास ‘इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज’ अथवा संक्षेपाने ‘आयबीडी’ म्हणतात. ताणतणावाने पोट बिघडते त्या ‘आयबीएस’ नावाच्या विकाराशी नामसाम्यामुळे त्याची गल्लत होते. परंतु आयबीएसमध्ये आतड्यास व्रण पडत नाहीत, आयबीडीमध्ये पडतात. आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा केवळ मोठ्या आतड्याचा रोग. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर पसरतो आणि आतील अस्तरापुरता राहतो. ‘क्रोन्स डिसीज’ मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते ठिकाण. तो आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. त्यामुळे आतडे अरुंद होणे अथवा भगंदरासारखे मार्ग तयार होणे हे उपद्रव त्यात उद्भवतात.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी १९३२ साली या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली आणि पहिले नाव क्रोन यांचे असल्याने रोगास तेच नाव चिकटले.

हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे तो नसतो, असा समज दीर्घकाळ होता. पंजाबात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५१,९१० लोकांची विचारपूस व तपासणी झाली. त्यांत २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. लाखामागे सुमारे ४४ असे हे प्रमाण. त्यानंतरच्या काळात देशभरातील पोटविकारतज्ज्ञांकडे येणाऱ्या अशा रुग्णांची संख्या वाढतच गेली आहे. रोग बहुधा तरुण वयात, म्हणजे शिक्षण, व्यवसाय आणि विवाह यांच्या ऐन उंबरठ्यावर प्रकट होतो. म्हणून तो लपवण्याची प्रवृत्तीही अधिक.

निरोप्यांचे काम

आतड्याच्या आतील अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. त्याच्या एका बाजूस अन्न आणि अब्जावधी जीवाणू. दुसऱ्या बाजूस शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा ताफा. इतक्या पातळ भिंतीच्या दोन्ही अंगांना शांतता राहते, याचे कारण या पेशी शत्रू आणि शेजारी यांत भेद करतात. हा भेद कळवण्यासाठी त्या परस्परांना निरोप पाठवतात. निरोप म्हणजे पेशीने बाहेर सोडलेले सूक्ष्म प्रथिन. ज्या पेशीवर त्या प्रथिनाला साजेसा ग्राहक असेल, तीच पेशी तो निरोप वाचते. अशा प्रथिनांना ‘सायटोकाइन’ असे नाव आहे.

व्यापारी कुटुंबाला ही व्यवस्था समजणे अवघड नाही. मुख्य पेढीवरून गावोगावच्या आडत्यांना पत्र जाते : ‘मालाची निकड आहे, त्वरित पाठवा.’ माल येऊ लागतो, निकड भागते आणि दुसरे पत्र निघते : ‘आता पुरे.’ हे दुसरे पत्र निघालेच नाही, तर गोदाम भरून माल रस्त्यावर येतो आणि ज्या मालाने नफा व्हायचा त्यानेच पेढी बुडते.

आतड्यात असेच घडते. अस्तरास कोठे फट पडून जीवाणू आत शिरले, की तेथील भक्षक पेशी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (संक्षेपाने टीएनएफ), इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-२३ अशी प्रथिने सोडतात. टीएनएफमुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते आणि रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे अडकून ऊतींमध्ये उतरतात. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत जाते आणि यकृत सीआरपी नावाचे प्रथिन तयार करू लागते. रक्ततपासणीत डॉक्टर पाहतात तो सीआरपी हाच. इंटरल्यूकिन-२३ हे टी-पेशींच्या एका विशिष्ट गटास दीर्घकाळ लढत ठेवते. निरोगी माणसात संकट सरले की इंटरल्यूकिन-१० सारखी शामक प्रथिने ‘आता पुरे’ हा निरोप देतात. आयबीडीच्या रुग्णात हा तोल ढळलेला असतो. त्यातच टीएनएफ स्वतःच अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल करतो. सांधे सैल झाले की आणखी जीवाणू आत येतात, आणखी टीएनएफ सुटतो आणि चक्र फिरत राहते.

तोल का ढळतो, याचे एकच एक कारण नाही. अनुवंश, आतड्यातील जीवाणूंची बदललेली वस्ती, धूम्रपान, बालपणीची प्रतिजैविके, बदललेला आहार अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. अनुवंशाचा धागा मात्र निरोपांपाशीच पोहोचतो. २००६ साली असे आढळले, की इंटरल्यूकिन-२३ चा निरोप वाचणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात एक विशिष्ट फरक असलेल्या व्यक्तींना हा रोग होण्याचा संभव कमी असतो. निरोप किंचित मंद वाचला जाणे त्यांच्या हिताचे ठरते.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

टीएनएफचा शोध आतड्याच्या रोगाच्या निमित्ताने लागला नाही. १९७५ साली न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग या कर्करोग संस्थेत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या रक्तात कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा एक घटक आढळला. त्यावरून त्याचे नाव पडले. कर्करोगावरील औषध म्हणून मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. परंतु तो रुग्णास देता येणार नाही इतका दाहक निघाला. तेव्हा विचाराची दिशा उलटली : जो घटक देता येत नाही, तो जेथे अतिरिक्त झाला आहे तेथे अडवता येईल काय?

हे काम करणाऱ्यांत यान विल्चेक हे नाव अग्रगण्य आहे. १९३३ साली ब्रातिस्लाव्हा येथील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाझी काळात काही दिवस त्यांना कॅथलिक जोगिणींच्या अनाथालयात ठेवले गेले होते. पुढे साम्यवादी राजवटीतून १९६४ साली पत्नीसह बाहेर पडून ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात संशोधन करू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी व सहकारी जुनमिंग ले यांनी उंदराच्या पेशींपासून टीएनएफला घट्ट धरणारे प्रतिपिंड मिळवले. सेंटोकोर या अमेरिकी कंपनीने त्याचा बराचसा भाग मानवी प्रथिनाने बदलला. तयार झालेल्या या औषधाचे नाव ‘इन्फ्लिक्सिमॅब’. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश भाग मानवी व एक-चतुर्थांश उंदराचा असतो.

त्या काळात सेप्सिसवरील एक दुसरे औषध अयशस्वी ठरल्याने कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. याच सुमारास लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी हे संधिवाताच्या रुग्णांना नवे प्रतिपिंड देऊन पाहत होते. अॅमस्टरडॅममध्ये क्रोन्स रोगाने जर्जर झालेल्या, इतर उपचार संपलेल्या एका किशोरवयीन मुलीला ते देण्यात आले आणि तिच्या आतड्याचे व्रण भरू लागले. लाभ कायमचा ठरला नाही. तरी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या एका अनुभवाने मार्ग उघडला.

१९९७ साली १०८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम अशी एकच मात्रा शिरेतून घेतलेल्या रुग्णांपैकी ८१ टक्क्यांना चार आठवड्यांत उतार पडला. निव्वळ दिखाऊ मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत या औषधास क्रोन्स रोगासाठी मान्यता मिळाली. स्वामित्वधनातून विल्चेक यांना अमाप संपत्ती प्राप्त झाली. २००५ साली त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयास १०.५ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. ज्ञानातून आलेले धन ज्ञानाकडेच परत गेले, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

अपेक्षाभंगातून मिळालेले ज्ञान

यानंतर प्रत्येक निरोप अडवला की रोग बरा, असा सोपा हिशेब मांडला जाऊ लागला. तो जुळला नाही. ‘इटानरसेप्ट’ हेही टीएनएफविरोधी औषध. संधिवातात ते उत्तम चालते. क्रोन्स रोगात मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते दिखाऊ मात्रेपेक्षा सरस ठरले नाही. पेशींच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या टीएनएफवर त्याचा परिणाम वेगळा होतो, हे याचे कारण मानले जाते. पुढे इंटरल्यूकिन-१७ अडवणारे ‘सेक्युकिनुमॅब’ तपासले गेले. सोरायसिस या त्वचारोगात ते गुणकारी. परंतु क्रोन्सच्या रुग्णांची प्रकृती त्याने सुधारण्याऐवजी बिघडली, असे २०१२ साली स्पष्ट झाले. कारण इंटरल्यूकिन-१७ हे आतड्याच्या अस्तराची डागडुजीही करते. त्वचेत जो निरोप उपद्रवी, तोच आतड्यात उपकारक.

शामक इंटरल्यूकिन-१० ची कथाही अशीच. १९९३ साली, हे प्रथिन तयार न करू शकणाऱ्या उंदरांना आतड्याचा दाह होतो असे दिसले. २००९ साली, याच प्रथिनाच्या ग्राहकात जन्मजात दोष असलेल्या बालकांना अत्यंत उग्र आतडेदाह होतो हे आढळले. त्यांतील एका बालकाला दुसऱ्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण लाभदायक ठरले. निरोपाचे महत्त्व अशा रीतीने सिद्ध झाले. तथापि इंटरल्यूकिन-१० औषध म्हणून बाहेरून दिले असता मोठ्या माणसांत अपेक्षित गुण आला नाही.

इंटरल्यूकिन-२३ अडवण्याच्या प्रयत्नांना मात्र यश आले. इंटरल्यूकिन-१२ आणि २३ या दोहोंतील समान भाग धरणाऱ्या ‘उस्टेकिनुमॅब’ला २०१६ साली, तर केवळ २३ ला धरणाऱ्या ‘रिसान्किझुमॅब’ला २०२२ साली अमेरिकेत क्रोन्स रोगासाठी मान्यता मिळाली. ‘टोफॅसिटिनिब’ ही तोंडाने घ्यावयाची गोळी तर निरोप पेशीपर्यंत पोहोचल्यावर पेशीच्या आत तो पुढे जाऊ देत नाही. कोलायटिससाठी तिला तेथे २०१८ साली मान्यता मिळाली. तरीही यांतील कोणतेही औषध सर्व रुग्णांना लागू पडत नाही. काहींना आरंभापासूनच गुण येत नाही, तर काहींचे शरीर कालांतराने औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते.

क्षयरोगाचा इशारा

निरोप अडवण्याची किंमतही असते. क्षयाचे जंतू पुष्कळ लोकांच्या शरीरात निद्रिस्त असतात. संरक्षक पेशी त्यांच्याभोवती कोट उभारून त्यांना कोंडून ठेवतात आणि तो कोट टिकवण्याचे काम टीएनएफ करतो. टीएनएफ अडवला की कोट ढासळू शकतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद होती. त्यांपैकी ४८ जणांना तो पहिल्या तीन मात्रांच्या आतच झाला. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य समजली जाते. भारतात क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असल्याने ही तपासणी टाळणे म्हणजे तारण न पाहता कर्ज देण्यासारखे आहे.

आणखी एक अडचण आपल्या देशात विशेष. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स रोग यांची लक्षणे, इतकेच काय दुर्बिणीतून दिसणारे व्रणही, पुष्कळदा सारखे असतात. एकाचा उपचार दुसऱ्यास घातक ठरू शकतो. त्यामुळे निदानास वेळ लागला, नमुना पुन्हा घ्यावा लागला, तर डॉक्टर बदलण्याची घाई कुटुंबाने करू नये.

घरातील व्यवहार

या शास्त्रातून गृहस्थाने घ्यावयाचा पहिला धडा असा : लक्षणे थांबणे आणि निरोप थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुलाब बंद झाले, वजन वाढले, तरी आतड्याच्या अस्तरात दाह धुमसत असू शकतो. म्हणून डॉक्टर सीआरपी, शौचातील ‘कॅलप्रोटेक्टिन’ आणि आवश्यकतेनुसार कोलोनोस्कोपी करण्यास सांगतात. कॅलप्रोटेक्टिन हे आतड्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशींतून येणारे प्रथिन. ते वाढलेले असेल तर रुग्णाला बरे वाटत असूनही काम बाकी आहे असे समजावे. ‘आता बरे आहे’ म्हणून औषध स्वतःहून बंद करणे हे रोग उलटण्याचे एक प्रमुख कारण आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे याहून निराळे : त्या उग्र अवस्थेसाठी असतात, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या नसतात आणि अचानक सोडावयाच्याही नसतात. मोठ्या आतड्याचा दाह आठ-दहा वर्षांचा झाला, की कर्करोगाच्या शंकेने ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी करावी लागते. तीही टाळू नये.

दुसरा धडा ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पदार्थांविषयी. ज्या पेढीवरून आधीच अधिक पत्रे जात आहेत, तेथे आणखी एक लेखनिक नेमण्यात काय शहाणपण? कोणतेही चूर्ण, काढा वा वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. नेहमीच्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही हा रोग उसळू शकतो. उपचार चालू असताना जिवंत जंतूंची लस देता येत नाही. म्हणून लसीकरणाचा विचार आधीच करून घ्यावा.

तिसरा विषय व्रतांचा. चातुर्मासात आणि पर्युषणात उपवास, आयंबिल, चौविहार यांचा उत्साह घरोघरी असतो. रोग शांत असताना काय झेपेल, हे डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांशी बोलून ठरवता येते. दिवसातून एकदा घ्यावयाची औषधे सूर्यास्तापूर्वी बसवणेही बहुधा शक्य असते. परंतु जुलाब व रक्तस्राव चालू असताना निर्जल उपवास करणे शरीरास घातक आहे. पच्चक्खाणातही समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेले आहेत. आजारी व्यक्तीने त्यांचा आधार घेतला तर तिच्या श्रद्धेला उणेपणा येत नाही, आणि घरातील मंडळींनी तो येऊ देऊ नये.

चौथा प्रश्न अहिंसेचा; तो विचारण्याचा संकोच बाळगू नये. या औषधांचा उगम प्राण्यांवरील संशोधनात आहे आणि ती प्राण्यांपासून एकदा मिळवलेल्या पेशींच्या वंशात, बंद पात्रांत तयार होतात. इन्फ्लिक्सिमॅब उंदराच्या, तर अॅडालिमुमॅब हॅमस्टर या मूषकवर्गीय प्राण्याच्या पेशींत. प्रत्येक मात्रेसाठी प्राणी मारला जात नाही. एवढी वस्तुस्थिती जाणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुजनांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा. मात्र निर्णय होईपर्यंत रुग्णाला उपचाराविना ठेवू नये.

खर्चाचा भारही पूर्वीइतका राहिलेला नाही. मूळ औषधांच्या तोडीची ‘बायोसिमिलर’ औषधे भारतात तयार होतात. अॅडालिमुमॅबचे असे औषध येथे २०१४ च्या अखेरीस बाजारात आले. तरीही रक्कम मोठी असते आणि उपचार अनेक वर्षांचा असतो. म्हणून आरोग्य विम्याच्या अर्जात रोग लपवू नये. लपवलेला रोग दाव्याच्या वेळी नेमका उघड होतो.

विवाहसंबंधातही हेच सूत्र लागू आहे. रोग आटोक्यात असलेली व्यक्ती शिक्षण, व्यवसाय, संसार आणि मातृत्व-पितृत्व सारे निभावू शकते. आई किंवा वडिलांना रोग असला तरी बहुतेक अपत्यांना तो होत नाही. लपवाछपवीने मात्र औषधे चोरून घ्यावी लागतात, मात्रा चुकतात आणि रोग नव्या घरात, अडचणीच्या वेळी उसळतो. दोन्ही कुटुंबांनी एकदा डॉक्टरांसमोर बसून मोकळेपणाने विचारून घ्यावे, हे अधिक श्रेयस्कर.

जैन दर्शनात आस्रव रोखण्यास संवर आणि साचलेले झडून जाण्यास निर्जरा म्हटले आहे. केवळ उपमेपुरते बोलायचे, तर आतड्याच्या या रोगातही क्रम तोच आहे : आधी येणारा निरोप रोखावयाचा, मग व्रण भरण्यास अवधी द्यावयाचा. यास महिने लागतात आणि नंतरही लक्ष ठेवावे लागते. ज्या घरात कोणाला चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब आहेत अथवा शौचावाटे रक्त जात आहे, त्या घराने मूळव्याधीचा तर्क बाजूस ठेवून पोटविकारतज्ज्ञांकडे जावे आणि ज्या घरात निदान झाले आहे, त्या घराने पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवावी.